बंजारा समाज : स्थलांतर व मूळभूमीची स्मृती

बंजारा समाज : मालवाहतुकीच्या व्यवसायानिमित्त उत्तर भारतातून दक्षिणेत येऊन स्थायिक झालेला एक मोठा समाज. महाराष्ट्र, तेलंगण, आंध्र प्रदेश व कर्नाटक या राज्यांत त्याची वस्ती मुख्यत्वे आढळते. महाराष्ट्रात यवतमाळ, वाशिम, नांदेड व त्यांच्या लगतच्या जिल्ह्यांत ती विशेष दाट आहे. या समाजास मराठवाड्यात लमाण, तेलंगणात लंबाडा, तर रायलसीमेत सुगाळी अशी नावे आहेत. समाजातील माणसे मात्र आपसांत स्वतःचा उल्लेख ‘गोर’ किंवा ‘गोरमाटी’ असा करतात आणि समाजाबाहेरील प्रत्येकास ‘कोर’ म्हणतात. बंजारा हे नाव ‘वाणिज्य’ या शब्दाशी व लमाण हे नाव ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दाशी जोडले जाते. ‘वनचर’ या शब्दापासून बंजारा हे नाव आले, अशीही एक व्युत्पत्ती सांगतात. पण ती ग्राह्य वाटत नाही. नावाच्या साम्यामुळे महाराष्ट्रातील वंजारी समाजाशी बंजाऱ्यांचा पुष्कळदा घोटाळा केला जातो. हे दोन समाज आज भाषा, चालीरीती व शासकीय वर्गवारी या तिन्ही दृष्टींनी वेगळे आहेत.

परमुलखात वसलेल्या समाजाचे आपल्या मूळभूमीशी असलेले नाते सर्वत्र सारखे नसते. पारशी समाजाला आपला इराण नकाशावर दाखविता येतो. मॉरिशसमधील मराठी घराण्यांचे पूर्वज कोणत्या गलबतातून व कोणत्या साली उतरले, हे तेथील दप्तरांत शोधता येते. बंजाऱ्यांची स्थिती याहून निराळी आहे. मारवाड व मेवाड ही नावे त्यांच्या कुलकथांतून व गीतांतून वारंवार येतात. पण आपल्या घराण्याचे मूळ गाव कोणते, हे बहुसंख्य कुटुंबांना सांगता येत नाही. त्या प्रदेशाकडे यात्रेस जाण्याचा प्रघातही नाही. असे असूनही तीनचार शतकांनंतर या समाजाची भाषा राजस्थानी आहे, कुळींची नावे राजपुतांची आहेत आणि सणांतील कित्येक आचार तिकडचे आहेत. मूळ भूमी सुटली व तिच्याशी व्यवहारही उरला नाही, तरी तिची खूण कशी टिकली, हा या समाजाच्या अभ्यासातील महत्त्वाचा प्रश्न आहे. यवतमाळ जिल्ह्यात, त्यातही केळापूर तालुक्याच्या सीमेवर, त्याला आज व्यावहारिक व कायदेशीर स्वरूपही आलेले आहे.

बंजाऱ्यांचा फार्सी तवारिखांतील पहिला उल्लेख सिकंदर लोदीच्या धोलपूरवरील स्वारीच्या वृत्तांतात (१५०४) येतो, असे एल्यट याने नोंदविले आहे. सतराव्या शतकातील यूरोपीय प्रवाशांनी त्यांच्या तांड्यांचे सविस्तर वर्णन केले आहे. पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्यास १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्यास जाताना वाटेत १४,००० बैलांचा एक तांडा भेटला. धान्य, तांदूळ, डाळी व मीठ यांपैकी एकेकच जिन्नस वाहणारे बंजाऱ्यांचे चार वर्ग असल्याचे ताव्हेर्न्ये याने लिहिले आहे. पाठीवर गोणी लादलेल्या बैलांचे असे कळप, त्यांच्यामागून चालणारी बायकामुले, राखणीची कुत्री आणि रोजचा तळ, हे सारे मिळून तांडा होई. या फिरत्या व्यापारास बंजारा बोलीत ‘लदेणी’ म्हणतात. तांड्याचा प्रमुख तो नायक आणि त्याचा मदतनीस तो कारभारी. तंटे मिटविण्यासाठी ‘नसाब’ नावाची पंचायत असे. तांडे गावाशेजारी कायमचे वसल्यावरही नायक, कारभारी आणि नसाब यांची ही व्यवस्था पुष्कळ काळ चालत राहिली.

दख्खनमधील आगमनाविषयीची मुख्य परंपरा विदर्भातच लिहून ठेवली गेली, ही गोष्ट लक्षणीय आहे. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव १९०५ पर्यंत वणी (इंग्रजी दप्तरांत वून) असे होते व केळापूर हा त्यातील एक तालुका होता. या जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक कंबरलेज याने १८६९ च्या सुमारास बंजाऱ्यांवर एक टिपण तयार केले. पुढे रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवरील आपल्या ग्रंथात (१९१६) त्याचा भरपूर उपयोग केला. कंबरलेजने ऐकलेल्या हकिगतीनुसार, शाहजहानच्या अहमदनगर व वऱ्हाडवरील मोहिमेत (सु. १६३०) वजीर आसफखान याच्या सैन्याबरोबर चारण बंजारे दक्षिणेत आले. राठोड कुळीच्या भंगी व जंगी या नायकांजवळ १,८०,००० बैल होते, तर बडतिया (वडतिया) कुळीच्या भगवानदास नायकाजवळ ५२,०००. या कामगिरीबद्दल भंगी-जंगींना सोन्याच्या अक्षरांचा एक ताम्रपट मिळाला, असे सांगतात. सैन्याच्या घोड्यांबरोबर तांड्याचे बैलही पोचले पाहिजेत, म्हणून छपराचे गवत व रांजणातील पाणी घेण्याची मुभा आणि दिवसाकाठी तीन खून माफ, असा त्यातील आशय होता. हा पट भंगी-जंगींच्या हैदराबाद संस्थानातील वंशजांकडे होता व नव्या वारसास निजामाकडून खिलत मिळे, असेही कंबरलेज लिहितो. बैलांचे आकडे व ताम्रपट यांबाबत सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे, कारण ही कुलपरंपरा आहे, समकालीन दप्तर नव्हे. पण ती समाजाने कशी जतन केली, हे तिच्या खरेखोटेपणाइतकेच महत्त्वाचे ठरते. मारवाड का सोडला, याविषयी ती जवळजवळ काहीच सांगत नाही. दख्खनमध्ये कोणत्या मानाने आलो, हे मात्र आकड्यांनिशी सांगते.

पुढील दोन शतके दख्खनमधील प्रत्येक मोठ्या फौजेस बंजाऱ्यांची गरज भासली. मोगल, मराठे, निजाम व इंग्रज या सर्वांनी त्यांच्याकडून रसद घेतली आणि अनेकदा दोन्ही बाजूंच्या सैन्यांना धान्य पुरविणाऱ्या या व्यापाऱ्यांना लढाईतही वाट मोकळी मिळे. आर्थर वेलस्लीच्या १८०३ मधील मोहिमेत, म्हणजे असई, आडगाव व गाविलगड येथील लढायांत, इंग्रजांची मदार मुख्यतः बंजाऱ्यांच्या बैलांवर होती. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या कामकाजाच्या पहिल्या खंडात (१८१९) या समाजाचा वृत्तांत दिला. तोपर्यंत पेशवाई संपली होती व मोठ्या फौजांची मागणीही ओसरली होती. शांततेच्या काळात वऱ्हाडचा कापूस बाहेर नेणे व परत येताना मीठ आणणे, हा व्यापार उरला. पक्क्या सडका झाल्या. १८६७ मध्ये लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोचला आणि बैलांची पाठ निरुपयोगी झाली. जो समाज वर्षातून आठ महिने चालत असे, त्याला एका पिढीत मुक्काम शोधावा लागला.

पैनगंगेच्या खोऱ्यातील डोंगराळ व कुरणांचा मुलूख तांड्यांना पावसाळ्यातील तळासाठी पूर्वीपासून सोयीचा होता. आता तोच कायमच्या वस्तीचा झाला. १९११ च्या जनगणनेत वऱ्हाडात सु. ८०,००० बंजारा होते, तर हैदराबाद संस्थानात सु. १,७४,०००. यवतमाळ जिल्ह्यात पुसद, दिग्रस, दारव्हा व महागाव हा पश्चिमेकडील पट्टा त्यांचे मुख्य क्षेत्र होय. पूर्वेस केळापूरकडे तांडे विरळ होत जातात आणि गोंड व कोलाम यांची जुनी वस्ती सुरू होते. तांडा गावाच्या शिवारात असला, तरी गावापासून काही अंतरावर बसविला जाई. हे अंतर काही अंशी बंजाऱ्यांनी राखले होते, काही अंशी गावाने. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली काही प्रांतांत बंजाऱ्यांची नोंद झाली. पोलिसांच्या लेखी फिरता माणूस तो संशयित माणूस, असे समीकरण त्या कायद्याने पक्के केले. कंबरलेजचे टिपण पोलीस अधिकाऱ्याचे आहे, हे ते वाचताना म्हणूनच विसरता येत नाही.

मूळभूमीच्या स्मृतीचे सर्वांत भक्कम अधिष्ठान म्हणजे कुळींची रचना. राठोड, पवार (पमार), चव्हाण (चौहान) व जाधव (वडतिया) या मुख्य कुळी असून त्यांच्या अनेक उपकुळी आहेत. आडे हे आडनावही या भागात सर्रास आढळते. कृष्णाच्या गोकुळातील मोला नावाच्या पुरुषाने तीन राजांचे मुलगे दत्तक घेतले व त्यांच्यापासून राठोड, पवार आणि चव्हाण या कुळी झाल्या, अशी उत्पत्तिकथा कंबरलेजने नोंदविली आहे. विवाह ठरविताना एकाच कुळीतील संबंध वर्ज्य मानतात. त्यामुळे प्रत्येकास आपली व समोरच्याची कुळी माहीत असावीच लागते. वंशावळी तोंडपाठ ठेवणारे भाट व गीतांतून कुळींचा इतिहास गाणारे ढाडी यांचा समाजाशी वंशपरंपरेने संबंध होता. लेखी दप्तर नसलेल्या समाजात त्यांनी दप्तराचे काम केले. महाराष्ट्रात आल्यावर या नावांबाबत एक मोठा मौजेचा प्रकार घडला. चौहानचे चव्हाण, पमारचे पवार झाले व वडतियांनी बाहेर जाधव हे नाव लावले. ही सर्व नावे मराठ्यांतही आहेत. परिणामी शाळेच्या हजेरीपटावर जे आडनाव मराठी वाटते, तेच तांड्यात राजपूत कुळीचे नाव म्हणून ओळखले जाते. हा बदल मुद्दाम केलेला असो वा सहज झालेला असो, तो उपयोगी मात्र ठरला.

बंजारा बोली (गोरबोली, लंबाडी) हे दुसरे अधिष्ठान होय. ग्रीअर्सन याने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात ‘लभाणी’ या नावाने तिचा समावेश राजस्थानी-गुजराती गटाजवळ केला व पंजाब-गुजरातबाहेरील लभाणीचा नमुना म्हणून वऱ्हाडातील रूप प्रमाण मानले. ‘आहे’ या अर्थाचे ‘छ’ हे क्रियापद, ‘माझा’ यासाठी ‘मारो’, तसेच ‘छोरा’ व ‘छोरी’ हे शब्द ऐकताच तिचे नाते लक्षात येते. आईस ‘याडी’ व भाकरीस ‘बाटी’ म्हणतात. सभोवती मराठी, तेलुगू वा कन्नड बोलली जात असता ही बोली टिकली, याचे मुख्य कारण तांड्याचे वेगळेपण. पुरुष बाजारात व कचेरीत प्रदेशभाषा बोलत. तांड्यात परतल्यावर बोली बदलत असे. तिला स्वतंत्र लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत, तेलंगणात तेलुगू व कर्नाटकात कन्नड लिपीत लिहितात. याचा अर्थ असा, की केळापूरकडील बंजारा व आदिलाबादकडील बंजारा एकमेकांशी अडखळल्याशिवाय बोलू शकतात. पत्र मात्र एकमेकांस लिहू शकत नाहीत. २०११ च्या जनगणनेत लंबाडी ही मातृभाषा सु. ३२.८ लाख व बंजारी ही सु. १५.८ लाख लोकांनी नोंदविली. या दोन्ही नोंदी ‘हिंदी’ या शीर्षकाखाली गणल्या गेल्या. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही वर्गवारी समाधानकारक नाही.

सणांत तीज व होळी यांचे महत्त्व विशेष. श्रावणात अविवाहित मुली टोपल्यांत गहू पेरतात, त्याला रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात आणि अखेरीस वाढलेल्या अंकुरांचे विसर्जन करतात. राजस्थानातील तीज व गणगौर यांच्याशी या विधीचे साम्य उघड आहे. होळीस लेंगी गीते म्हणतात. दिवाळीत मुली हातात दिवा घेऊन घरोघर ‘मेरा’ मागतात. स्त्रियांची कांचळी, आरसे व कवड्या जडविलेला फेटिया, डोक्यावरील टुकरी आणि कोपरापर्यंतचे बलिये हा वेश पूर्वी दुरूनही ओळखू येई. आता तो वयस्कर स्त्रियांपुरता व समारंभांपुरता राहिला आहे. तांड्यातील आजी कांचळीत, सून साडीत व नात पंजाबी पोशाखात, असे दृश्य अलीकडे सामान्य झाले आहे.

या समाजाचा ध्वज हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे. मूळभूमीची आठवण जपणारे समाज बहुधा तेथील राजचिन्ह किंवा राष्ट्रध्वज जपतात. मारवाडच्या राठोडांना स्वतःचे निशाण होते. बंजाऱ्यांनी मात्र त्यातले काहीही उचललेले दिसत नाही. त्यांच्या तांड्यावर पांढरा ध्वज असतो आणि तो संत सेवालाल महाराजांचा मानला जातो. देवी जगदंबेचा तांबडा ध्वज पुष्कळदा त्याच्याशेजारी असतो. सेवालालांचा (समाजात रूढ नाव सेवाभाया) जन्म परंपरेनुसार १५ फेब्रुवारी १७३९ रोजी झाला. जन्मस्थानाविषयी आंध्रातील अनंतपूर जिल्हा व कर्नाटकातील सूरगोंडनकोप्प असे दोन दावे आहेत. त्यांनी १८०६ मध्ये देह ठेवला व वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे त्यांची समाधी आहे. जन्मस्थानाचा कोणताही दावा मान्य केला, तरी एक गोष्ट निश्चित होते : ज्या पुरुषाचा ध्वज हा समाज आपला मानतो, तो दख्खनमध्ये जन्मलेला व दख्खनमध्येच निवर्तलेला, लदेणी करणारा बंजारा होता.

हा पांढरा ध्वज जुन्या कागदपत्रांत अगदी वेगळ्या रूपात भेटतो. रसेल व हिरालाल यांच्या ग्रंथात असे म्हटले आहे, की चारण बंजाऱ्यांच्या प्रत्येक वस्तीत मिठू भुकिया नावाच्या जुन्या लुटारूसाठी एक झोपडी राखून ठेवलेली असे, तिच्यासमोर काठीला पांढरे निशाण लावीत आणि दरोड्यास निघण्यापूर्वी तेथे दिवा लावून कौल घेत. भुकिया ही राठोडांपैकी शाखा होय. सेवाभायांचा उल्लेखही त्याच ग्रंथात आहे, पण त्याचा व निशाणाचा संबंध जोडलेला नाही. आज समाजात हाच पांढरा रंग शांतीचे व सत्याचे प्रतीक म्हणून सांगितला जातो. यांपैकी कोणता अर्थ जुना, याचा निर्णय करणे कठीण आहे. पोलिसांच्या माहितीचा आधार घेणाऱ्या ग्रंथात दरोड्याचा संदर्भ ठळक व्हावा, हे स्वाभाविक आहे. त्याचप्रमाणे गुन्हेगारीचा शिक्का पुसू पाहणाऱ्या समाजाने शांतीचा अर्थ पुढे आणावा, हेही स्वाभाविक आहे. काठी व कापड मात्र तेच राहिले. प्रस्तुत लेखकाच्या मते कुलदेवतेसमान मानलेल्या पूर्वजाच्या ठाण्यावर निशाण लावण्याची रूढी आधीची असावी व सेवाभायांचा प्रभाव वाढत गेला, तसे निशाणाचे स्वामित्व त्यांच्याकडे आले असावे. अशा प्रकारचे संक्रमण महाराष्ट्रातील अन्य दैवतांच्या बाबतीतही आढळते.

पोहरादेवी हे क्षेत्र बंजाऱ्यांची काशी म्हणून ओळखले जाते. रामनवमीच्या यात्रेस महाराष्ट्र, तेलंगण, आंध्र व कर्नाटक येथून लोक येतात. २०२३ मध्ये तेथे उंच सेवाध्वज उभारण्यात आला व ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा वारशाचे संग्रहालय खुले झाले. संग्रहालयाची वास्तू नगाऱ्याच्या आकाराची आहे. स्थलांतरित समाजाचे तीर्थक्षेत्र मूळभूमीत नसून वाटेवर असावे, ही गोष्ट अपवादात्मक होय. विसाव्या शतकात समाजाचे राजकीय केंद्रही याच टापूत आले. पुसद तालुक्यातील गहुली येथे जन्मलेले वसंतराव नाईक (१९१३–७९) हे १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक हेही १९९१ ते १९९३ या काळात त्या पदावर होते. ज्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाने शंभर वर्षांपूर्वी बंजाऱ्यांवर टिपण लिहिले, त्याच जिल्ह्याने राज्याला बंजारा मुख्यमंत्री दिला.

बंजारा व यूरोपातील रोमा (जिप्सी) हे एकाच मुळाचे आहेत, ही कल्पना १९७० नंतर भारतात बरीच पसरली. ८ एप्रिल १९७१ रोजी लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमा परिषदेने आपला ध्वज ठरविला. वर निळा व खाली हिरवा पट्टा आणि मध्ये सोळा आऱ्यांचे तांबडे चक्र असे त्याचे स्वरूप आहे. भारतीय राष्ट्रध्वजावरील चक्राशी त्याचे असलेले साम्य योगायोगाचे नाही, कारण हे लोक भारतातून गेले, याची जाणीव त्यामागे आहे. परंतु रोमांचे भारतीय मूळ सिद्ध होणे व ते बंजाऱ्यांचे भाऊबंद असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोमानी भाषेच्या अंतर्गत पुराव्यावरून तिचे भाषक सु. एक सहस्र वर्षांपूर्वी वा त्याही आधी भारताबाहेर पडले असावेत. राल्फ टर्नर याने १९२६ मध्ये तिचे मूळ मध्यदेशीय बोलींत असून नंतर वायव्येकडे तिचा दीर्घ मुक्काम झाला, असे दाखविले. बंजारा बोली ही त्यानंतर घडलेल्या राजस्थानी बोलींची शाखा आहे. तेव्हा एकीपासून दुसरी निघणे संभवत नाही. दोन्ही समाज फिरते व दोघांच्या स्त्रिया भरजरी घागरा नेसतात, एवढ्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. तरीही या कल्पनेचे आकर्षण समजण्यासारखे आहे. ज्यांना परतण्यासाठी मूळ गाव नाही, त्यांना दूरदेशी भाऊबंद सापडणे हेही एक प्रकारचे समाधान असते.

आता केळापूरकडे वळू. पांढरकवडा हे या तालुक्याचे मुख्य ठिकाण नागपूर–हैदराबाद महामार्गावर असून पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा ओलांडली, की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. केळापूरच्या जगदंबेच्या दर्शनास दोन्ही तीरांवरून लोक येतात. भाषा, कुळी व ध्वज यांच्या दृष्टीने ही नदी बंजाऱ्यांना कधीच सीमा नव्हती. कायद्याच्या दृष्टीने ती फार मोठी सीमा आहे. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाल्यावर महाराष्ट्रात बंजाऱ्यांची गणना विमुक्त जातींत झाली. कर्नाटकात ते अनुसूचित जातींत आहेत. आंध्रात लंबाडा व सुगाळी अनुसूचित जमातींत होते. तेलंगण विभागाला ही तरतूद १९७६ च्या अधिनियमान्वये १९७७ पासून लागू झाली. म्हणून एकाच घराण्यातील दोन चुलत भावांपैकी उत्तर तीरावरचा विमुक्त, तर दक्षिण तीरावरचा आदिवासी ठरतो.

याचे परिणाम केवळ कागदोपत्री राहिले नाहीत. मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांनी आदिलाबादमधील गोंडांचा अभ्यास १९४० नंतरच्या दशकापासून केला होता. आपल्या १९८२ मधील ग्रंथात त्यांनी लिहिले, की १९७७ नंतर महाराष्ट्रातून बंजाऱ्यांचे लोंढे आदिलाबादमध्ये आले आणि आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनी व सवलतींत गोंड मागे पडले. हा वाद तेथे अद्याप मिटलेला नाही. २०१७ च्या अखेरीस उतनूर परिसरात त्याने हिंसक वळण घेतले. गोंड व कोलाम यांची बाजू समजून घेतल्याशिवाय बंजाऱ्यांचा प्रश्न पुरा समजत नाही. ज्या डोंगरात बंजाऱ्याला शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मुक्काम मिळाला, तो गोंडांचा पिढीजात मुलूख होता. त्यांना मूळभूमी आठवावी लागत नाही. ती पायाखालून सरकू नये, एवढीच त्यांची चिंता आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न २०२५ मध्ये पुन्हा पुढे आला. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने मराठा समाजातील पात्र व्यक्तींना कुणबी दाखला देण्यासाठी हैदराबाद संस्थानच्या गॅझेटचा आधार मान्य केला. त्यानंतर त्याच नोंदींच्या आधारे अनुसूचित जमातीचा दर्जा मिळावा, अशी मागणी बंजारा संघटनांनी मोर्चे काढून केली. आदिवासी संघटनांनी तिला विरोध केला. या मागणीच्या संदर्भात वऱ्हाडची ऐतिहासिक स्थिती ध्यानात घेणे जरूर आहे. वऱ्हाड नावाला निजामाचा असला, तरी १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात होता व १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. त्यामुळे मराठवाड्यातील बंजाऱ्यास जी संस्थानी नोंद दाखविता येईल, ती यवतमाळच्या बंजाऱ्यास लागू पडेलच, असे नाही. त्याच्या पूर्वजांची नोंद वणी जिल्ह्याच्या इंग्रजी दप्तरात आहे आणि ती बहुतांशी पोलिसांची आहे.

रोजच्या व्यवहारात यापेक्षाही जाचक ठरते ती रहिवासाची अट. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही मानीव तारीख आहे. जातीच्या दाखल्यासाठी व त्याच्या पडताळणीसाठी आपले कुटुंब त्या तारखेपूर्वी राज्यात राहत होते, याचा पुरावा द्यावा लागतो. शाळा सोडल्याचा जुना दाखला, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद किंवा सातबाराचा उतारा असे पुरावे प्राय: मागितले जातात. ज्या तांड्याने जमीन उशिरा घेतली व ज्यातील आजोबांनी शाळा पाहिली नाही, त्याच्याकडे यांपैकी एकही कागद नसतो. नायकास सात पिढ्यांची वंशावळ तोंडपाठ असते, भाट ती गाऊन दाखवितो. पडताळणी समितीपुढे मात्र तो कोतवाल बुकाचे पान घेऊन उभा राहतो आणि त्या पानावर बहुधा ‘लमाण’ एवढाच शब्द, पुढे आडनाव न लिहिता, आढळतो.